करंज्यांना कुणाला बोलवाल?

पत्र :

"ताई, आमचा अकरा जणींचा बचत गट आहे, सात वर्षं झाली. बचत, कर्ज, परतफेड यात आजवर एका रुपयाचा घोळ नाही. गेल्या दिवाळीला पहिल्यांदाच फराळाच्या ऑर्डरी घेतल्या आणि तिथून बिनसलं. गटात सगळ्या सारख्या, म्हणून सगळ्यांनी सगळं करायचं असं मी ठरवलं होतं. चकलीच्या दिवशी अकरा जणी चकलीला, करंजीच्या दिवशी अकरा जणी करंजीला. एक घाणा लाल, एक पांढरा. चौदा किलो चकली मऊ पडली म्हणून दुकानदाराने परत पाठवली. तरी खर्च जाऊन ४१,८०० रुपये उरले. ते सारखे वाटले, प्रत्येकीला ३,८००. माझी जाऊ वीस दिवस राबली. पैसे वाटले त्या दिवसापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. थोरल्या आक्का सहाच दिवस आल्या, त्यांचे गुडघे धरतात, बसून नुसत्या सूचना करतात. (वहीत हजेरी आहे, सगळ्या मिळून १४८ दिवस भरतात.) कोपऱ्यावरच्या वहिनी प्रत्येकीच्या कामात खोट काढतात, दोघी जणी रडत घरी गेल्या. सचिव म्हणते, वही आता दुसऱ्या कुणीतरी लिहा. बाकीच्या सांगेल ते करतात. एक तर इतकी गुणी की भांडी, झाडलोट न सांगता करते, कधी तक्रार नाही. यंदा आक्का आणि वहिनींना गटातून कमी करावं का? की फराळच बंद करावा? मी एकटी किती ठिकाणी बघू?
— एक गट अध्यक्ष, सातारा जिल्हा"

उत्तर :

अध्यक्षबाई, कुणालाही कमी करू नका आणि फराळही बंद करू नका. पहिल्याच वर्षी, चौदा किलो माल परत येऊनही ४१,८०० रुपये उरले, म्हणजे तुमच्या मालाला गिऱ्हाईक आहे. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

आधी त्या मऊ चकलीचं बोलू, कारण तुमच्या गटाचं सगळं दुखणं मला त्या चकलीतच दिसतं. भाजणी एकच होती ना? मग एक घाणा लाल आणि एक पांढरा कसा? मोहन, म्हणजे पिठात घालायचं गरम तेल, प्रत्येकीने आपापल्या घरच्या अंदाजाने घातलं असणार. एकीची पळी म्हणजे दुसरीची दीड पळी. मोहन जास्त झालं की चकली तेलात सुटते, कमी झालं की दाताला लागते. मग कढई. एकीला घाई, तिने आच मोठी ठेवली, चकली वरून लाल झाली आणि आत ओलीच राहिली. ती डब्यात गेली की दुसऱ्या दिवशी मऊ. दुसरीने बुडबुडे बसायच्या आधीच झारा घातला. तिसरीने निवायच्या आत पिशवीत भरली. यातली एकही बाई वाईट चकली करत नसेल. आपल्या घरी, आपल्या कढईत, प्रत्येकीची चकली उत्तमच होत असेल. पण अकरा घरच्या अकरा रीती एका परातीत घातल्यात, म्हणून माल परत आला.

'गटात सगळ्या सारख्या' हे तुम्हाला सात वर्षं शिकवलं गेलं, आणि ते बचतीला अगदी बरोबर आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशोब लेखन ही पंचसूत्री म्हणजे सगळ्यांना एकच माप. बचत प्रत्येकीची सारखी, मत प्रत्येकीचं एक. तिथे कुणाच्या हाताला चव आहे याचा काही संबंध नाही. तोच नियम तुम्ही कढईला लावलात. मत सारखं असावं, हातही सारखे असलेच पाहिजेत असं कुठे आहे?

आपल्याकडे हे कुणाला नव्याने शिकवायला नको खरं तर. लहानपणी आमच्या आळीत दिवाळीच्या आधी आठवडाभर घरोघरी करंज्या चालायच्या. आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. दुपारची जेवणं आटोपली की पोळपाट-लाटणी घेऊन बायका जमायच्या आणि आल्या आल्या आपापल्या जागी बसायच्या, कुणी कुणाला सांगत नसे. साट्याची लाटी करणारी ठरलेली, पातळ पारी लाटणारी ठरलेली. सारण भरणारीचा हात सैल नको, नाहीतर करंजी तळणीत फुटते. मुरड घालणारी तर आळीत एकच असायची, बाकीच्या कातण्याने कापून मोकळ्या. ओल्या फडक्याखाली करंज्या झाकून ठेवणं पोरींकडे. आणि कढईपाशी एक अशी बाई, जी गप्पांत भाग घ्यायची नाही, कारण तळणारीने बोलायचं नसतं. दोन तासांत एका घरच्या करंज्या उरकायच्या.

म्हणून येत्या बैठकीच्या आधी एक करा. प्रत्येकीला एकटीला गाठा, विहिरीवर, रानात, दळणाच्या वाटेवर, कुठेही, आणि विचारा : "समज, तुझ्या घरी उद्या मोठ्ठं फराळाचं काढलंय. गटातल्या कुणाला बोलवशील, आणि कशाला?" एवढंच.

"तुला काय चांगलं येतं?" असं विचारू नका. आपल्या बायका त्याला खरं उत्तर देत नाहीत. "मला काय येतंय, सांगाल ते करीन," हेच ऐकायला मिळेल, किंवा जिला तोंड आहे ती चार गोष्टी जास्त सांगेल. स्वतःबद्दल लाजणारी बाई दुसरीबद्दल मात्र नेमकं बोलते. "बेसन भाजायला तिला बोलवीन, ती मध्येच उठून जात नाही." "पाकाला ती, बोटाला तार धरून बघते." "हिशोबाला तिला, दुकानदाराने दोन रुपये जास्त लावले तरी तिच्या ध्यानात येतं." दहा जणींची उत्तरं वहीत मांडा आणि त्यात स्वतःचं अकरावं घाला. कोणत्या कामापुढे कुणाचं नाव वारंवार येतंय ते दिसेल. आणि कुणाचं नाव एकदाही आलं नाही, तेही दिसेल. ते नाव बाजूला लिहून ठेवा, त्याच्याकडे मी येते.

माझ्या स्वतःच्या गटात मी अकरा वर्षं सचिव होते. आमचाही समज असा की जी घडाघडा बोलते तिलाच विक्रीला बसवायचं. तालुक्याच्या प्रदर्शनात दोन वर्षं तिला बसवलं. ती गिऱ्हाइकाला बोलू देईना. तिसऱ्या वर्षी ती आजारी पडली म्हणून नाइलाजाने एका मुखदुर्बळ बाईला स्टॉलवर बसवलं. ती फारसं काही बोललीच नाही. पण एका गिऱ्हाइकाला म्हणाली, "मागच्या खेपेला तुम्ही शेंगदाण्याची चटणी नेली होती, तुमच्या सूनबाईंना तिखट झाली होती ना? ही कमी तिखटाची आहे." तो माणूस चार पाकिटं घेऊन गेला. तिला माणसं लक्षात राहत, हे आम्हाला नऊ वर्षांत कळलं नव्हतं. तेव्हा कोण कशाला चालेल याचे अंदाज आपण वरवर बघून बांधतो, ते जरा तपासून घ्या. तुमच्या 'सांगेल ते करणाऱ्या' बायकांत अशी एखादी नक्की असेल.

आता वहिनी. खोट काढणारी बाई तपासणीला बसवा, हा सल्ला तुम्हाला कुणीही देईल आणि तो अर्धाच खरा आहे. माल भरण्याआधी एक तिऱ्हाईत डोळा हवाच. वजन बरोबर आहे का, पाकिटाचं तोंड नीट बंद झालं का, लेबलावर तारीख, घटक, हिरवा ठिपका आणि अन्न नोंदणीचा चौदा आकडी नंबर आहे का, करंजीची कड उलली नाही ना. वहिनींचं लक्ष या बारकाव्यांवर जाणारच. पण त्यांना ते काम देताना दोन अटी घाला आणि त्या सगळ्यांसमोर घाला. एक, तपासणी तराजूपाशी होईल, कढईपाशी नाही. कुणी तळत असताना तिच्या मागे उभं राहून बोलायचं नाही. दुसरी, बोलायचं ते चकलीबद्दल, बाईबद्दल नाही. "हा घाणा पाच मिनिटं कमी पडलाय" चालेल. "तुला कधी जमणारच नाही" हे ऐकलं की वहिनींनी त्या दिवशी घरी जायचं. हे पाळता आलं नाही तर त्यांना तपासणीला ठेवू नका, डोळा कितीही तीक्ष्ण असो. दोन बायका रडत घरी गेल्यात, ते विसरून चालणार नाही. आधी त्या दोघींकडे जाऊन या.

आक्कांबद्दल लिहिताना तुम्ही 'नुसत्या सूचना करतात' असं लिहिलंय. कसल्या सूचना, ते लिहिलं नाहीत. मला सांगा, गेल्या दिवाळीला तुमच्या यादीत अनारसे होते का? नसणार. तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर सुकवायचे पण पूर्ण वाळू द्यायचे नाहीत, ओलसर असतानाच दळून गूळ घालून पीठ मुरत ठेवायचं. ते पीठ तयार झालं की नाही हे सांगणारा हात म्हाताऱ्या बायकांचा असतो. एवढं करून तुपात सोडल्यावर अनारसा हसला, म्हणजे फुटून विरला, तर सगळंच वाया. म्हणून बहुतेक घरांनी तो करणंच सोडलं, आणि म्हणूनच शहरात त्याला दर चांगला येतो. या कामाला गुडघे लागत नाहीत. आक्कांना खुर्ची द्या, समोर उंच टेबलावर परात द्या. त्या सहाच दिवस येऊ देत, फक्त ते सहा दिवस कोणते ते आधी ठरवा. आणि आक्कांना अनारसे येतच नसतील, तर वरचा प्रश्न तुम्ही दहा जणींना विचारणारच आहात, आक्कांचं नाव कशापुढे येतं ते कळेल.

आता त्या 'गुणी' बाईकडे येते. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी तीनदा वाचलं. भांडी, झाडलोट न सांगता करते, कधी तक्रार नाही. रागावू नका, पण एक विचारते. तिला कढईपाशी कधी उभं केलंत? पिठाला हात लावायला कुणी सांगितलं? की ती येते, सवयीने मोरीकडे जाते आणि सगळ्यांना ते सोयीचं पडतं? ती कोणत्या घरातली, कोणत्या आळीतली, गटात सगळ्यांत गरीब कोण, हे मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. माणसातला गुण ओळखा म्हणताना हाच एक धोका असतो. गावाने जिला जे काम आधीच लावून दिलंय, त्यालाच आपण तिचा गुण म्हणू लागतो. तक्रार नाही म्हणजे आवड आहे, असं नव्हे. मघाशी बाजूला लिहून ठेवायला सांगितलेलं नाव बहुधा तिचंच निघेल, कारण तिला काय येतं हे कुणी पाहिलेलंच नाही. तिला आधी चार दिवस चार कामांवर ठेवा. भांडी आणि झाडलोट अकरा जणींत पाळीने लावा, अध्यक्षांची पाळी पहिली. वर जे काही 'ज्याचा हात त्याला ते काम' म्हटलं, त्याला हे एक काम अपवाद.

यावरून कुणी कुरकुर केली, 'तिच्या हातचं गिऱ्हाईक घेईल का' वगैरे निघालं, तर तिथे गप्प बसू नका. गटाच्या अध्यक्षाचं कामच असल्या वेळी असतं.

जाऊबाई रुसल्या ते योग्यच आहे. वीस दिवस राबणारीला आणि सहा दिवस येणारीला ३,८०० च, हा न्याय मला तरी पटत नाही. वहीत हजेरी आहे म्हणता, मग आकडे सोपे आहेत. ४१,८०० मधले ४,८०० गटात ठेवले असते, पुढच्या भाजणीच्या धान्याला, तर ३७,००० उरतात. ते १४८ दिवसांवर वाटले की दिवसाला २५० रुपये पडतात. जाऊबाईंना ५,०००, आक्कांना १,५००. यंदा हे आधी ठरवा आणि वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, माल खपल्यावर नव्हे. शिवाय २५० हा आकडा नीट बघा. रोजाने रानात जाऊन याच्या आसपास किंवा जास्तच मिळत असेल, तर तुमच्या चकलीचा दर कमी आहे. बाईचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, खर्चात धरायचाच असतो. तेल, डाळ, गॅस लिहिलात आणि स्वतःचे हात फुकट धरलेत, म्हणून तो 'नफा' दिसला.

रोज सगळ्यांचा सारखा ठेवा. चकली पाडणारीला जास्त आणि भांडी घासणारीला कमी, असं करू नका, निदान पहिली दोन वर्षं. किलोवर मजुरी लावायचाही मोह होईल, जाऊबाईच सुचवतील. आत्ता नको. लिज्जतचं उदाहरण लोक देतात. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, हे सगळं खरं. तिथे लाटणारीला किलोवरच पैसे मिळतात. पण तिथे पीठ शाखेत एका जागी मळलं जातं, बायका ते घरी नेतात, लाटलेला पापड परत आणून दिला की तो तपासून मगच घेतला जातो. मळणं, लाटणं, तपासणं ही तिन्ही कामं वेगळी झाल्यावर किलोचा हिशोब चालतो. तुमच्याकडे अजून पीठच एका हाताने मळलं जात नाही. आज किलोवर दर लावलात तर आच मोठी करून भराभर तळणारीलाच जास्त पैसे मिळतील, आणि चौदाचे चाळीस किलो परत येतील. पीठ एका ठिकाणी मळण्याचा भाग मात्र आजच उचला.

एका हाताला एक काम देताना दुसरा हात तयार ठेवा, हे मी पोळून शिकलेय. आमची भाजणी एकच बाई करायची. धान्य किती, कोणतं किती भाजायचं, सगळं तिच्या अंदाजात. आम्ही कौतुक करायचो, "तिच्यावाचून होत नाही." दिवाळीला दहा दिवस असताना ती लेकीच्या बाळंतपणाला निघून गेली. जाणारच, लेक आधी. तिथून फोनवर सांगायची, "तांदूळ तुझ्या ओंजळीने नको, माझ्या ओंजळीने घे." हसू नका, असंच झालं. त्या वर्षी चकलीची निम्मी ऑर्डर आम्ही हात जोडून परत केली. तेव्हा तुमच्याकडे मोहनाचं, भाजणीचं माप ग्रॅममध्ये वहीत उतरलं पाहिजे, ज्या बाईचा अंदाज त्या बाईच्या देखत तोलून. आणि प्रत्येक मुख्य कामाला एक हाताखालची.

सचिव थकल्यात त्याचंही कारण हेच. शिकलेली म्हणून सात वर्षं वही तिच्याच गळ्यात. तिला तीच वही लिहून कंटाळा आलाय, गटाचा नाही. एखादी दहावी झालेली सूनबाई तिच्याशेजारी बसवा, सहा महिने दोघींनी मिळून लिहायचं. मग सचिवांना विचारा की तुम्हाला काय करायचंय. कदाचित त्यांना करंज्या करायच्या असतील.

आणि ज्यांना फराळात यायचंच नाही, त्यांना ओढू नका. बचत गट बचतीसाठी आहे. अकरापैकी सहा जणींनी धंदा केला आणि पाच जणींनी फक्त बचत-कर्ज ठेवलं, तर गट मोडत नाही. फराळाची वही आणि बचतीची वही मात्र वेगळी ठेवा, एकीतला पैसा दुसरीत जाऊ देऊ नका. धंदा वाढला तर उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, तुमच्या सीआरपी ताईंना (गावात गटांना मार्गदर्शन करतात त्या) उत्पादक गटाबद्दल, म्हणजे मिळून माल करून विकणाऱ्या गटाबद्दल, विचारा. त्यात दुसऱ्या गटांतल्या बायकाही घेता येतात, कुणी सांगावं, मुरड घालणारी शेजारच्या गटात असेल.

दिवाळीपर्यंत थांबू नका. गौरीच्या फराळाची एक लहानशी ऑर्डर घ्या, वीस किलोच्या आतली, दोनच पदार्थ. वरची मांडणी त्यात करून बघा. बिघडलं तर थोडक्यात बिघडेल.

राहता राहिलात तुम्ही. "मी एकटी किती ठिकाणी बघू?" तुम्हाला सगळीकडे बघायला सांगितलं कुणी? गौरीच्या वेळी दोन दिवस कढईला, परातीला, तराजूला हात लावायचा नाही असं ठरवा. पाळीची भांडी घासा आणि वही घेऊन दाराशी बसा. किती वाजता काम अडलं, कशाने अडलं, कोण उठून कुणाच्या मदतीला गेलं, तेवढं लिहा. जीव खालीवर होईल, पण बसा. आणि तुमच्या नावापुढे दहा जणींनी काय सांगितलं, ते मला जरूर कळवा. मला वाटतं दुकानदाराशी बोलायला तुम्हालाच पाठवतील. चौदा किलो परत पाठवणाऱ्या माणसाकडून यंदाची ऑर्डर पुन्हा आणायची आहे ना?

जाता जाता, आक्कांना आजच विचारा, दिवाळीच्या अनारशांसाठी तांदूळ कोणत्या तिथीला भिजत घालायचे. जुना तांदूळ लागतो, तो आत्तापासून बाजूला काढावा लागेल.